पार्लरचा बोर्ड घरच्या पडद्यावर: खर्च किती आणि तो कशावर करायचा

"मुस्तफाचा बोर्ड अडीच हजारांत मिळतोय, घेऊ का?" असं विचारणारा कोल्हापुरात कुणी ना कुणी भेटतोच. मुस्तफा म्हणजे पार्लरमधला मारामारीचा एक जुना खेळ, आणि बोर्ड म्हणजे तो चालवणारी सर्किटची पाटी. विचारणारे बहुतेक चाळिशीतले असतात. शाळा बुडवून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी घातलेली ही पिढी, आता हातात चार पैसे आहेत आणि जुना पार्लरवाला माळा रिकामा करतोय. घ्या, जरूर घ्या. पण अडीच हजार ही नुसत्या हिरव्या पाटीची किंमत आहे. तिला वीज द्यायची, तिचं चित्र पडद्यावर आणायचं, तिला जॉयस्टिक-बटणं जोडायची, या सगळ्याचा खर्च बोर्डाच्या कित्येक पट होतो, आणि त्यातला मोठा वाटा चित्र खातं. हे आधी माहीत असलं की पैसे योग्य क्रमाने जातात.

आधी ठरवा: खेळ हवाय की यंत्र?

फक्त 'मेटल स्लग' किंवा 'किंग ऑफ फायटर्स' खेळायचं असेल तर हा उद्योग करू नका. निओ जिओ या आर्केड, म्हणजे पार्लरच्या, यंत्रावरचे असे बरेच खेळ प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि मोबाइलवर अधिकृतपणे मिळतात, एकेक खेळ हजाराच्या आत. सोल्डरिंगचा वाससुद्धा घ्यावा लागत नाही.

मुस्तफाची गोष्ट वेगळी. ज्याला आपण सगळे मुस्तफा म्हणतो तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. तो आर्केडपुरताच राहिला, घरगुती कन्सोलवर आलाच नाही. सेगा सीडी या कन्सोलवर १९९४ मध्ये त्या नावाशी नातं सांगणारा एक खेळ आला, पण तो गाडी चालवण्याचा, मारामारीचा नव्हे. कॅपकॉमने २०१८ मध्ये जुन्या मारामारीच्या खेळांचा संच काढला, त्यातही तो नव्हता. म्हणून याचा बोर्ड शोधणाऱ्याला मी वेड्यात काढत नाही.

चिनी साठ-इन-वन, पाचशे-इन-वन पाट्यांचा हिशोब या लेखात नाही. त्यांतले खेळ परवान्याविना भरलेले असतात आणि ते मूळ यंत्रही नव्हे.

रस्ते दोन

पहिला रस्ता म्हणजे बोर्डावरच सोल्डर मारून त्याचा कायमचा कन्सोल करणे. हे निओ जिओच्या एमव्हीएस, म्हणजे पार्लरसाठीच्या, बोर्डांना शोभतं, कारण त्यांत कार्ट्रिज, म्हणजे खेळाची डबी, बदलता येतं. एक यंत्र बनवलं की खेळ बदलत राहतात. त्यातही कार्ट्रिजची एकच खाच असलेले बोर्ड घ्यावेत. त्यांतला एमव्ही-१सी सगळ्यांत लहान, म्हणून परदेशातले हौशी लोक त्याच्यावर तुटून पडतात आणि भावही तसाच चढलेला असतो.

दुसरा रस्ता सुपरगनचा. मध्ये एक डबा बनवायचा, त्यात वीज, चित्र, आवाज आणि कंट्रोलची सोय करायची आणि बोर्ड त्याला नुसता खोचायचा. हे शक्य होतं ते जॅमामुळे. जपानमधल्या आर्केड उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेली ही ५६ पिनांची जोडणी, दोन्ही बाजूंना २८-२८. नव्वदच्या दशकात आपल्या पार्लरांत आलेले बहुतेक बोर्ड हिच्यावरच चालतात. आज मुस्तफा, उद्या 'स्ट्रीट फायटर', परवा आणखी काही; डबा तोच. नवख्याने हाच रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोर्डावर सोल्डरिंग आयर्न न टेकवता काम होतं आणि उद्या कंटाळा आला तर बोर्ड होता तसा विकता येतो.

बजेट

आकडे अंदाजे आहेत, घासाघीस केली तर याहून कमीत भागेल.

जॅमा हार्नेस, म्हणजे कनेक्टर आणि तारांचा तयार जुडगा: ५०० ते ९०० रुपये
एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा: १,००० ते २,०००
चित्र बदलणारी पाटी, जीबीएस-८२००: १,५०० ते २,५००
जुना व्हीजीए मॉनिटर: ८०० ते १,५००
दोन जॉयस्टिक आणि बटणं, चिनी: २,००० ते ३,०००
तारा, रेझिस्टर, फ्यूज, स्विच, सॉकेट: ६०० ते ८००
सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, सोल्डर पंप: १,००० ते १,५००
डबा: १,५०० ते ३,०००

म्हणजे बोर्ड सोडून नऊ ते पंधरा हजार. हात घट्ट असेल तर हत्यारं मित्राकडून आणा आणि डबा पुढच्या दिवाळीला करा. वीज आणि वायरिंग या दोन ओळींत मात्र काटकसर नको.

बोर्ड बाहेरून मागवणार असाल तर जकातीचा हिशोब वेगळा मांडा. कस्टम्स नुसत्या वस्तूच्या किमतीवर शुल्क लावत नाही, वाहतूक आणि विमा धरून लावतं. समजा बोर्ड ८,००० चा आणि कुरिअर ४,००० चं. शुल्क आणि जीएसटी मिळून ४० टक्के धरले तर ते १२,००० वर बसतात, म्हणजे ४,८००. आठ हजारांचा बोर्ड घरी येईपर्यंत १६,८०० झाला आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार अजून बाकीच आहे. शिवाय वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल अडकू शकतं. पहिला बोर्ड इथलाच घ्या.

पायरी १: बोर्ड पारखणे

जुने पार्लरवाले, जत्रेत खेळ लावणारे, भंगारवाले, असे तीन दरवाजे. पैकी पार्लरवाल्याकडे कॅबिनेट अजून उभं असेल तर बोर्ड त्यातच चालवून बघा.

"मामा, चालू हाय न्हवं?"

"चालू हाय की! चारच वर्षं झाली बंद करून."

या चार वर्षांत कोल्हापूरचे चार पावसाळे आले. कडेच्या सोनेरी पट्ट्या काळ्या-हिरव्या पडल्या आहेत का बघा. नुसत्या काळ्या असतील तर पांढरं खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. हिरवा गंज पट्टीखाली शिरून तांबं उचललं असेल तर भाव निम्मा करा. सॉकेटमधल्या चिप सगळ्या जागेवर आहेत का, मागच्या बाजूला उंदरांनी कुरतडलं किंवा कुणी तारा मारल्या आहेत का, हेही बघायचं.

मग बॅटरी. इथे नवखे फसतात, कारण दोन बोर्डांवर दिसणाऱ्या बॅटऱ्यांचं काम अगदी उलट असतं. निओ जिओच्या बऱ्याच एमव्हीएस बोर्डांवर रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती फुटते, तिचं पाणी आजूबाजूच्या रेषा खातं. ती दिसली की कापून काढा. सेटिंग आणि हिशोबाची माहिती जाते, खेळ चालू राहतो. पण कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ जातीच्या बोर्डांवरची बॅटरी खेळाची किल्ली, म्हणजे तो वाचायचा गुप्त संकेत, जपून ठेवते. ती संपली की बोर्ड सुरूच होत नाही. अस्सल मुस्तफाचा बोर्ड सीपीएस-२ नव्हे, तरी त्यातही अशीच किल्ली आणि अशीच बॅटरी आहे. तिला हात लावायचा नाही. मेलेला बोर्ड पुन्हा जिवंत करता येतो, पण ते काम नवख्याचं नाही आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

आता खरं सांगायचं तर, आपल्याकडे पार्लरमध्ये आलेले मुस्तफा बरेचसे नकली बोर्ड होते. त्यांना ही बॅटरीची कटकट सहसा नसते, किंमतही कमी. आवाज मात्र मूळ बोर्डासारखा नसतो, काही ठिकाणी चित्रातही बारीक फरक दिसतो. आठवणीतला आवाज पार्लरच्या नकली बोर्डाचाच असेल तर अस्सल ऐकून तुम्हीच गोंधळाल!

सेगाचा १९९८ चा नाओमी बोर्ड मिळाला तर हिशोब पूर्ण बदलतो. तो थेट व्हीजीएला चित्र देतो, त्यामुळे चित्राचा खर्च जवळजवळ शून्य. पण तो जॅमावर चालत नाही. त्याला जेव्हीएस नावाची वेगळी इनपुट-आउटपुट पाटी लागते आणि ३.३ व्होल्टही लागतात. जेव्हीएसचं तोंड यूएसबीसारखं दिसतं, पण ते यूएसबी नाही. कॉम्प्युटर किंवा चार्जर त्यात खोचू नका. पहिल्या खेपेला नाओमी सोडून द्या.

पायरी २: वीज

बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, भरपूर अँपिअरसह. १२ व्होल्ट मुख्यतः आवाजाच्या ॲम्प्लिफायरला. काही जुन्या बोर्डांना उणे ५ सुद्धा लागतात. ५ व्होल्टला ५-६ अँपिअर देणारा एसएमपीएस बहुतेक बोर्डांना पुरतो. उणे ५ हवेच असतील तर मीन वेलचा आरटी-५०ए तिन्ही देतो. कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस फुकट मिळतो म्हणून लोक तो लावतात. चालतो, पण नव्या एटीएक्समधून उणे ५ केव्हाच गेलेत, आणि त्याचे ५ व्होल्ट स्क्रूने कमी-जास्त करता येत नाहीत.

ते करता येणं महत्त्वाचं का, तर बारीक तारेत व्होल्टेज पडतं. एसएमपीएसवर ५.०५ दिसतात आणि बोर्डाच्या कडेला पोचेपर्यंत ४.७ उरतात. जुन्या टीटीएल चिपना ४.७५ ते ५.२५ हवेत. खाली गेलं की चित्रात कचरा येतो, बोर्ड मध्येच रीसेट होतो, आणि माणूस बोर्डाला शिव्या घालतो. म्हणून ५ व्होल्ट आणि ग्राउंडसाठी एक चौरस मिलिमीटरची तार घ्या, जॅमाने दिलेल्या ५ व्होल्टच्या चारही पिना जोडा, ग्राउंडच्याही सगळ्या. मोजमाप बोर्ड चालू असताना, बोर्डाच्या कडेवर. तिथे ५.० ते ५.१ येईल असा स्क्रू फिरवा.

२३० व्होल्टची बाजू, म्हणजे सॉकेट, फ्यूज, स्विच आणि अर्थिंग, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. शे-दोनशे रुपयांचं काम आहे.

पायरी ३: हार्नेस

हार्नेसवर प्रत्येक तारेचं नाव बहुधा लिहिलेलं असतं, तरी विश्वास ठेवू नका. बोर्ड न लावता वीज द्या आणि पिन मोजा: बोर्डाची चिपची बाजू येते त्या बाजूने १, २ ग्राउंड, ३, ४ वर ५ व्होल्ट, ५ वर उणे ५, ६ वर १२ व्होल्ट. सातव्या जागी पिन नसते, तिथे एक प्लास्टिकची किल्ली असते आणि बोर्डात त्या जागी खाच. स्वस्त हार्नेसमध्ये ही किल्लीच नसते. ती दोन रुपयांची चकती नसली तर बोर्ड उलटा खोचला जाऊ शकतो. उलट्या बोर्डात सहावी पिन तेविसाव्या जागी येते, म्हणजे १२ व्होल्ट थेट दुसऱ्या बटणाच्या तारेत शिरतात. त्या बटणामागची चिप गेलीच. किल्ली नसेल तर जाड प्लास्टिकचा तुकडा कापून चिकटवा, मगच पुढे जा.

पायरी ४: आवाज

जॅमातून येणारा आवाज ॲम्प्लिफायरमधून आलेला असतो, थेट स्पीकरसाठी. तो टीव्हीच्या लाल-पांढऱ्या सॉकेटात घातलात तर कानठळ्या बसतील किंवा टीव्हीचं इनपुट जाईल. शिवाय काही बोर्डांत स्पीकरची उणे तार ग्राउंड नसते. ती ग्राउंडला जोडली की ॲम्प्लिफायर जळतो. सगळ्यांत स्वस्त आणि निर्धास्त उपाय म्हणजे आठ ओहमचा शंभर रुपयांचा स्पीकर डब्यातच बसवणे. पार्लरमध्ये तरी दुसरं काय होतं?

पायरी ५: चित्र

पैसे इथे जातात, म्हणून जरा थांबू.

बोर्ड लाल, हिरवा, निळा असे तीन रंग (म्हणजे आरजीबी) वेगवेगळ्या तारांतून देतो, आणि चौथ्या तारेत सिंक, म्हणजे चित्र जागेवर ठेवणारा संकेत. हे सगळं १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला पंधराएक हजार ओळींच्या वेगाने. घरातल्या एलसीडी मॉनिटरचं व्हीजीए ३१ किलोहर्ट्झच्या खाली सहसा काही ओळखत नाही, त्यामुळे थेट जोडलंत तर काळा पडदा. युरोपातल्या जुन्या टीव्हींना आरजीबी घेणारं स्कार्ट सॉकेट असायचं, तिकडच्या मार्गदर्शकांत सगळं त्यावर सोपं करून सांगितलेलं असतं. आपल्या टीव्हींना ते नाही. इथे तीन पर्याय उरतात.

एक, जुना डबा टीव्ही. तो १५ किलोहर्ट्झचाच, चित्र क्षणाचाही उशीर न करता येतं. भंगारच्या भावात मिळतो. मागे हिरवं-निळं-लाल अशी तीन कंपोनंट सॉकेट असलेला एकवीस इंची सपाट टीव्ही कुठे दिसला तर सोडू नका. आरजीबीतून कंपोनंट करणारी पाटी लावली की चित्र झकास. फक्त पिवळं सॉकेट असेल तर एडी-७२५ सारखा एन्कोडर (तिन्ही रंग एका तारेत मिसळणारी चिप) लागतो आणि अक्षरांच्या कडा पसरतात. टीव्ही उघडून आत थेट आरजीबी जोडायचे प्रयोग करू नका, पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ राहतो.

दोन, जीबीएस-८२००. ही पाटी आर्केड कॅबिनेटमध्ये एलसीडी बसवता यावा म्हणूनच बनली. १५ किलोहर्ट्झचं आरजीबी आत, व्हीजीए बाहेर. चित्र थोडं मऊ येतं, बटण दाबल्यापासून दिसेपर्यंत किंचित उशीर जाणवतो. मुस्तफासारख्या खेळात चालून जातं, 'स्ट्रीट फायटर'चा मुरलेला गडी मात्र कुरकुर करणार. राजारामपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे चौकोनी सतरा इंची मॉनिटर विचारा. आर्केडचं चित्र ४:३ चंच असल्याने तो रुंद मॉनिटरपेक्षा बरा.

तीन, ओएसएससी नावाचा कन्व्हर्टर. प्रत्येक ओळ दुप्पट करून एचडीएमआयला देतो, उशीर नाहीच म्हणा. पण घरी पोचेपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास धरा. आणखी एक मेख आहे. आर्केड बोर्ड दर सेकंदाला नेमकी साठ चित्रं देतातच असं नाही. एमव्हीएस ५९.२ च्या आसपास, 'आर-टाइप' आणि 'मॉर्टल कॉम्बॅट' तर ५५ च्या घरात. ओएसएससी तो वेग आहे तसाच पुढे देतो आणि काही टीव्ही तो नाकारतात. पंधरा हजार घालण्याआधी तुमचा टीव्ही हे घेतो का, याची कुणाच्या तरी यंत्रावर खात्री करून घ्या.

सुरुवात दुसऱ्या पर्यायाने करा. आवडलं, टिकलं, तर तिसऱ्याकडे जा.

कुठलाही पर्याय असो, रंगांचं व्होल्टेज उतरवावं लागतं. बोर्ड तीन-चार व्होल्ट देतो, घरगुती उपकरणाला ७५ ओहमवर ०.७ हवेत. प्रत्येक रंगाच्या तारेत रेझिस्टर लावायचा. हिशोब: ७५ × (३ ÷ ०.७ − १), म्हणजे सुमारे २४६ ओहम. बोर्ड ४ व्होल्ट देत असेल तर ३५४. दुकानात २७०, ३३०, ३९० सहज मिळतात. ३३० ने सुरू करा, चित्र अंधारं वाटलं तर २७०, पांढरं फटक दिसलं तर ३९०. तिन्ही रंगांना सारखेच, नाहीतर मुस्तफाचा चेहरा हिरवा. सिंकच्या तारेत ४७० ओहम. हे सगळे रेझिस्टर मिळून दहा रुपयांचे आहेत, आणि ते विसरून महागडा कन्व्हर्टर खराब करणारे लोक आहेत.

पायरी ६: कंट्रोल

इथे आर्केड हार्डवेअर अगदी गरीब आहे. बटण म्हणजे पिन आणि ग्राउंड यांच्यामधला साधा स्विच, मध्ये कसलीही जास्तीची पाटी लागत नाही. कॉइनसाठीही एक बटण लावा, सोळाव्या पिनेला. बोर्डाच्या डिप स्विचमध्ये, म्हणजे सेटिंगच्या बारीक खटक्यांत, फ्री प्ले (नाण्याविना खेळ) असेल तर तेही नको, पण खरं सांगू का, कॉइन बटण दाबून क्रेडिट वाढवण्यात एक मजा आहे.

जॅमाच्या मूळ रचनेत एका खेळाडूला तीनच बटणं. मुस्तफाला दोन पुरतात. 'स्ट्रीट फायटर २' ला सहा लागतात आणि लाथांची तीन बटणं बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरमधून येतात, तो जुडगा बोर्ड घेतानाच मागून घ्या. मुस्तफात तिसरा खेळाडूही खेळू शकतो, त्याच्याही तारा जॅमाबाहेरच्या. जॉयस्टिक आधी चिनीच घ्या. सानवा या जपानी कंपनीच्या एका जोडीला तीन हजारांवर जातात. फरक हाताला कळतो, पण तो सहा महिने खेळल्यावर.

पायरी ७: डबा

पुण्या-मुंबईचे हौशी लोक ॲक्रिलिक कापून किंवा थ्रीडी प्रिंट करून डबे बनवतात आणि त्यालाच सगळ्यांत जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे कोल्हापुरात उद्यमनगर ही कारखान्यांची वस्ती आहे. १.२ मिलिमीटरच्या पत्र्याचं लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंग, तिन्ही एकाच परिसरात होतात. डीएक्सएफ, म्हणजे लेझर मशीनला चालणाऱ्या ड्रॉइंगची, फाइल बनवून घेऊन जा. नुसता कागदावरचा कच्चा आकार दाखवलात तर ड्रॉइंगचे पैसे वेगळे लागतील. सगळं चालू झाल्यावर, मापं पक्की झाल्यावरच हे काम काढा. तोवर प्लायवुडच्या फळीवर सगळं पसरून खेळा.

एका नगासाठी कोटिंगवाला वेगळी भट्टी लावणार नाही, लावली तर तसे पैसे घेईल. त्या दिवशी ज्याचा माल चालू असेल त्याच्या रंगात आपला डबा टाकून द्या, निम्म्यात काम होतं. रंग पंपाचा निळा निघेल किंवा ट्रॉलीचा नारिंगी, त्याची तयारी ठेवा.

बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून दहा-बारा मिलिमीटरचे नायलॉनचे ठोकळे लावा, खालून आणि मागून हवेची भोकं ठेवा. एसएमपीएस आणि चित्राची पाटी डब्याच्या दोन टोकांना असू द्या, नाहीतर पडद्यावर तिरक्या रेषा सरकताना दिसतात. अर्थिंगची तार डब्याला स्क्रूने आवळण्याआधी त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत पत्रा उघडा करा. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. वरून आवळलेली अर्थिंग दिसते छान, पण नसल्यातच जमा. मग प्लग भिंतीतून काढलेला असताना मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या एखाद्या स्क्रूला. पीं वाजलं की झाकण लावा.